साखळी, शॉक आणि 'नको'

होळी जवळ आली की आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या एस.टी.च्या जादा गाड्या सैलानीकडे धावू लागतात. पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. तिथे नारळांची होळी पेटते. आजारी माणसावरून उतरवलेले नारळ, लिंबू, बिब्बे, अंगावरचे कपडे त्या आगीत जातात. मग पिंपळगाव सराईहून उंटिणीवरून संदल निघतो. येणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात आणि पुष्कळांच्या सोबत घरातले एखादे 'बिघडलेले' माणूस असते. कोणी गप्प झालेले, कोणी रात्ररात्र बोलणारे, कोणाला फिट येते, कोणाला कानात आवाज ऐकू येतात. यात्रा संपली की बाकीचे परततात. काही कुटुंबे मात्र आजाऱ्याला घेऊन महिनोन्महिने तिथेच राहतात. पूर्वी काहींच्या पायात साखळी असे आणि ती बहुधा नातेवाइकांनीच घातलेली असे.

या दृश्याला नावे ठेवणारे आपल्या समाजात दोन प्रकारचे लोक आहेत. सुधारक म्हणतात, ही अंधश्रद्धा. मौलवी म्हणतात, हे शिर्क. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील. पण त्या बाईला इथे आणण्याआधी दवाखान्यात का नेले नाही, किंवा नेले होते तर परत का आणले, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही. आम्ही अनेकांना हा प्रश्न विचारला आहे. पैशाचे आणि अंतराचे उत्तर मिळतेच, पण त्याच्याही आधी आवाज खाली करून एक शब्द येतो : "वहाँ करंट देते."

या करंटचा इतिहास आपल्या भाषेत आपल्या वाचकांपुढे फारसा आलेला नाही. तो मांडावा असे वाटते, कारण आमच्या घरातच तो घडला आहे.

आमच्या अम्मीची मोठी बहीण, आमच्या खाला, 1974 साली बाळंतपणानंतर एकदम गप्प झाल्या. लेकराला जवळ घेईनात, जेवेनात. नानांनी त्यांना एका शहरातल्या दवाखान्यात नेले. तिथे चौघांनी हातपाय धरून, तोंडात रबराचा तुकडा घालून, भूल न देता त्यांना विजेचे झटके दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलीकडे नेऊ लागले तेव्हा त्या दाराच्या चौकटीला धरून ओरडल्या, "नको." तिसऱ्या झटक्यानंतर पाठीत कळ बसली ती आयुष्यभर राहिली. नाना घाबरले आणि त्यांना उचलून एका दर्ग्यावर घेऊन गेले. तिथे त्या रात्री-बेरात्री उठून पळत, म्हणून मामांनी त्यांचा पाय खांबाला बांधला. कोणी मुजावराने सांगितले नव्हते, आमच्याच माणसांनी बांधला. तिथेही खाला "नको" म्हणाल्या. दोन्ही ठिकाणी त्यांच्या भल्यासाठीच चालले होते आणि दोन्ही ठिकाणी त्यांना कोणी विचारले नाही.

वेड्या माणसाशी कसे वागावे याचा आपला जुना वारसा इतका वाईट नाही. 'मजनून' म्हणजे ज्याला जिन्नाने धरले तो, असा शब्दाचा उगम असला तरी मुस्लिम वैद्यांनी त्याला जिन्नावर सोडून दिले नव्हते. दमास्कसचा नूरी बीमारिस्तान 1154 चा, कैरोचा मन्सूरी 1284 चा. या दवाखान्यांत मनोरुग्णांसाठी वेगळे दालन असे. एदिर्ने येथे 1488 साली उभारलेल्या उस्मानी दवाखान्यात रुग्णांपुढे संगीत वाजवले जाई, असे सतराव्या शतकातल्या एव्लिया चेलेबी या प्रवाशाने लिहून ठेवले आहे. आपल्याजवळ पाहायचे तर माळव्याच्या महमूद खिलजीने पंधराव्या शतकात मांडूला दवाखाना उभारला आणि तिथे मनोरुग्णांची सोय होती, असे या शास्त्राचे इतिहासकार सांगतात. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये मालीखोलिया म्हणजे विषण्णता आणि सरअ म्हणजे फेफरे यांची चर्चा मेंदूच्या आजारांत येते, भुताखेतांत नाही. साखळ्या तिथेही होत्या, हे मात्र लपवू नये. त्या बीमारिस्तानांच्या वर्णनांत बांधलेल्या रुग्णांचेही उल्लेख येतात.

विजेची ओळखही जुनी आहे, फक्त तिला वीज म्हणत नव्हते. रोमचा स्क्रिबोनियस लार्गस हा पहिल्या शतकातला वैद्य डोकेदुखीवर जिवंत 'टॉर्पेडो' मासा कपाळाला लावायला सांगे, भाग बधिर होईपर्यंत. नाईल नदीतल्या अशाच झटका देणाऱ्या माशाला अरबीत 'रआद' म्हणतात. रअद म्हणजे ढगांचा गडगडाट. बाराव्या-तेराव्या शतकातल्या अब्दुल लतीफ अल्-बगदादी या हकिमाने इजिप्तच्या वर्णनात त्याची नोंद केली आहे : जिवंत असताना हात लावला की हात थरथरतो, बधिर होतो. आकाशातली वीज आणि माशाच्या अंगातला झटका एकच, हे सिद्ध व्हायला पुढे कित्येक शतके लागली. पण नाव देणाऱ्याने आधीच दोन्ही एका शब्दात बांधून ठेवले होते.

इटलीत गॅल्व्हानीने 1791 मध्ये बेडकाच्या पायावरचे प्रयोग छापले. त्याचा भाचा अल्दिनी याने 1801 मध्ये बोलोन्याच्या दवाखान्यात विषण्ण झालेल्या एका शेतकऱ्याच्या डोक्याला बॅटरीच्या तारा लावल्या आणि तो सुधारल्याचे सांगितले. पुढे 1803 मध्ये लंडनला फाशी गेलेल्या माणसाचे प्रेत त्याने विजेने हलवून दाखवले, त्यामुळे औषधोपचारापेक्षा तमाशाच अधिक गाजला. जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी 1870 मध्ये कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक भागाला वीज लावली की ठरावीक स्नायू हलतो, हे दाखवले. मेंदू म्हणजे एकजीव लोणी नाही, त्यात जागा ठरलेल्या आहेत, हे तिथून कळले. आजचे सगळे संशोधन त्याच वाटेवरून चालते.

आमच्या खालांना दिलेला शॉक मात्र वेगळ्या वाटेने आला. बुडापेस्टच्या मेदुना या डॉक्टरचा समज होता की फेफरे आणि छिन्नमनस्कता एकाच माणसात नांदत नाहीत, म्हणून फेफरे आणले की दुसरा आजार हटेल. 1934 मध्ये त्याने औषध टोचून फिट आणायला सुरुवात केली. समज चुकीचा निघाला, पण काही रुग्ण खरोखर बरे झाले. वैद्यकाच्या इतिहासात असे अनेकदा झाले आहे. त्या औषधाने फिट येण्याआधी रुग्णाला मरणाची धास्ती वाटे, म्हणून रोमचा चेर्लेत्ती आणि त्याचा सहकारी बिनी दुसरा उपाय शोधू लागले. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना मारण्याआधी डोक्याला विजेचे चिमटे लावत, ते चेर्लेत्तीने जाऊन पाहिले. वीज लावून डुकरे मरत नव्हती, फिट येऊन पडत होती. (ही हकीकत आम्ही एकदा मोहल्ल्यात सांगितली तेव्हा एका बुजुर्गांनी कानांना हात लावला. उपचार हराम ठरतो की काय, हाच पहिला प्रश्न!)

एप्रिल 1938 मध्ये पहिला माणूस निवडला गेला. तो मिलानचा होता, रोमच्या रेल्वे स्थानकावर भरकटलेला सापडला होता, आणि बोलत होता ते कोणाला कळत नव्हते. पहिला झटका कमी पडला. डॉक्टर आपसात दुसऱ्याची चर्चा करू लागले, तेव्हा तो माणूस एकाएकी स्वच्छ भाषेत बोलला : पुन्हा नको, जीव जाईल. ही गोष्ट त्याच्या विरोधकांनी रचलेली नाही, चेर्लेत्तीने स्वतःच लिहून ठेवली आहे. इतक्या दिवसांत त्या माणसाचे उमगलेले पहिले वाक्य 'नको' हे होते, आणि तरीही दुसरा झटका दिला गेला. त्याची अवस्था पुढे सुधारली, हेही तितकेच खरे आहे. या उपचाराच्या जन्मातच या दोन्ही गोष्टी आहेत. एक सांगून दुसरी लपवणाऱ्यांनी, मग ते डॉक्टर असोत की त्यांचे टीकाकार, लोकांचा गोंधळ वाढवला.

काही वर्षांतच शॉक जगभर पसरला. हिंदुस्थानातही आला. आपल्याकडे वेड्यांसाठी तेव्हा 1912 चा लुनसी अ‍ॅक्ट होता. त्यात माणसाला आत ठेवण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेट देत असे, जसा कैद्याला देतात. विदर्भाला नागपूरचे इस्पितळ, 1864 पासूनचे. बुलडाण्यापासून ते सुमारे साडेतीनशे किलोमीटर. बुलडाण्याच्या मुसलमान घरात 'नागपूरला पाठवले' याचा अर्थ अजूनही एकच होतो.

शॉकमध्ये झालेल्या सुधारणेने दहशत संपायला हवी होती. 1950 च्या दशकाच्या आरंभी स्नायू सैल करणारे औषध आणि भूल देऊन झटका देण्याची पद्धत आली. रुग्ण झोपेत असतो, अंग उडत नाही, मणके मोडत नाहीत. आज यंत्र एक अ‍ॅम्पिअरपेक्षा कमी प्रवाह काही सेकंदांपुरता, लहान लहान स्पंदांत देते. तीव्र नैराश्यात, खाणेपिणे सोडलेल्या किंवा जीव देऊ पाहणाऱ्या रुग्णात याइतका लवकर गुण देणारा उपाय क्वचितच असेल. बाळंतपणानंतरच्या गंभीर आजारातही तो उपयोगी पडतो. आमच्या खालांचा आजार तोच होता. आजाराला उपचार कदाचित योग्यच होता, पण दिला तो अमानुष रीतीने. त्याची उणी बाजूही सांगितली पाहिजे : आसपासच्या काळातल्या आठवणी पुसट होतात, काहींच्या कायमच्या जातात.

मग भूल सापडल्यानंतर 20 वर्षांनी खालांना ती का मिळाली नाही? भूलतज्ज्ञ नव्हते, असे उत्तर दिले जाई. आपल्याकडे 2000 नंतरही अनेक ठिकाणी भुलीविना झटके चालूच होते. त्यात आपल्या सिनेमाने भर घातली. 'ज्वेल थीफ'मध्ये (1967) खलनायक देव आनंदच्या डोक्याला तारा लावून त्याची स्मृती पुसू पाहतो. पडद्यावरचा शॉक नेहमी दुष्टांच्या हाती असतो, त्याने कोणी बरा झालेला दिसत नाही. सैलानीच्या वाटेवर भेटणाऱ्या माणसाच्या मनात तेच चित्र असते.

2001 हे साल आम्हाला विशेष लक्षात ठेवावेसे वाटते. 6 ऑगस्टच्या पहाटे तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी खांबांना बांधलेले होते. 28 जण मेले. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी 'सार्थक' या संस्थेची याचिकाही त्याच न्यायालयात आली, तिची एक मागणी भुलीविना शॉक बंद करा अशी होती. दर्ग्याची साखळी आणि दवाखान्याचा झटका, दोन्ही एका वर्षात एका दारात उभे राहिले. एरवाडीनंतर वर्तमानपत्रांनी दर्ग्यांवर रकानेच्या रकाने लिहिले. दुसऱ्या याचिकेविषयी आम्ही मात्र मराठीत फारसे वाचले नाही.

निकाल लागायला वेळ लागला. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कलम 95 मध्ये दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या : भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाविना शॉक देता येणार नाही, आणि कोणालाही कोणत्याही प्रकारे साखळीने बांधता येणार नाही. अल्पवयीनाला पालकाची संमती आणि मंडळाची आधी परवानगी असल्याखेरीज शॉक नाही. तातडीचा उपचार म्हणूनही तो देता येत नाही. आणखी एक तरतूद आहे, जिची माहिती आमच्या जिल्ह्यात वकिलांनाही क्वचित असते. शुद्धीत असताना माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की पुढे मी आजारी पडलो तर मला हा उपचार द्या, तो देऊ नका, आणि माझ्या वतीने अमुक व्यक्तीने बोलावे. 1938 च्या त्या माणसाच्या 'नको'ला कागदावर जागा मिळायला 79 वर्षे लागली.

दरम्यान शास्त्र शॉकच्या पुढे गेले आहे. शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये डोक्याजवळ तारेची गुंडाळी धरून तिच्यातून वीज सोडली. फॅरेडेने 1831 मध्ये सांगितलेल्या नियमाप्रमाणे चुंबकीय क्षेत्र कवटी ओलांडून आत गेले आणि मेंदूत सूक्ष्म प्रवाह उठला. फिट नाही, भूल नाही. रुग्ण खुर्चीत बसून टकटक आवाज ऐकतो. नैराश्यासाठी या चुंबकीय उपचाराला अमेरिकेत 2008 मध्ये मान्यता मिळाली. 2018 मध्ये कॅनडातल्या मोठ्या चाचणीने दाखवले की 37 मिनिटांच्या बैठकीचे काम तीन मिनिटांच्या वेगळ्या लयीतही होते. ज्याला रोज मजुरी बुडवून यावे लागते त्याला हा फरक कळेल. स्टॅनफर्डच्या गटाने तर दिवसाला दहा बैठका घेऊन पाच दिवसांत उपचार आटोपले. सुमारे 79 टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले, नकली यंत्रावर 13 टक्के. मात्र त्या चाचणीत माणसे अवघी 29 होती, तेव्हा ढोल वाजवण्याची घाई नको.

दुसरी पद्धत आणखी साधी. डोक्यावर दोन ओले स्पंज ठेवून दोन मिलिअ‍ॅम्पिअर इतका मंद प्रवाह वीस मिनिटे सोडायचा. फ्रान्समध्ये 2012 च्या चाचणीत, औषधांना न जुमानणारे कानातले आवाज पाच दिवसांच्या उपचाराने कमी झाले. बंगळूरच्या निम्हान्सने यावर बरेच काम केले आहे. सैलानीला येणाऱ्या कित्येकांना नेमके हेच आवाज ऐकू येतात. पण 2023 मध्ये जर्मनीतल्या चाचणीत हाच मंद प्रवाह नैराश्यावर नकली यंत्राहून सरस ठरला नाही. एका आजाराला चालते म्हणून दुसऱ्याला चालेल असे नसते.

तिसरी पद्धत शस्त्रक्रियेची. 1987 मध्ये ग्रेनोब्लच्या बेनाबिद यांनी मेंदूत खोल बारीक तार ठेवून कंप थांबवला. कंपवाताच्या हजारो रुग्णांना पुढे याचा लाभ झाला. मुंबईच्या जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी गेली कित्येक वर्षे ही शस्त्रक्रिया करत आहेत. 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले यंत्र मेंदूचे संकेत ऐकून आपला जोर आपणच कमी-जास्त करते. नैराश्यात मात्र हीच तार अडखळली. 90 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत तार चालू असलेले आणि बंद असलेले यांच्यात सहा महिन्यांनी फरकच दिसला नाही. 2017 मध्ये ते निष्कर्ष छापले गेले.

नकली यंत्रानेही काही माणसे सुधारतात, याकडे आमचे लक्ष अधिक जाते. कोणी रोज विचारपूस करते, वेळ देते, आशा दाखवते, त्याचाही गुण येतो. निम्हान्सच्या डॉक्टरांनी तामिळनाडूतल्या एका देवळात राहिलेल्या 31 रुग्णांची पाहणी 2002 मध्ये प्रसिद्ध केली. औषध नाही, साखळी नाही, फक्त आसरा आणि रोजची लहानसहान कामे. लक्षणे सुमारे वीस टक्क्यांनी उतरली. आम्ही दर्ग्याचे वकील नाही. पण जे देवळात घडते ते दर्ग्यात घडत असेल, हे मान्य करायला सुधारकाने कचरू नये. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात याच समजुतीने 'दवा-दुआ' हा उपक्रम उभा राहिला. मुजावर दुआ करतात आणि आजाऱ्याला त्याच आवारातल्या डॉक्टरकडेही पाठवतात. प्रत्येक आजाराबरोबर अल्लाहने इलाजही उतरवला आहे, ही हदीस मुजावरांना डॉक्टरांपेक्षा अधिक पाठ असते.

आमच्या घरात हा विषय अलीकडे पुन्हा आला. खालांचा एक नातू वजू करायला बसला की उठत नाही. हात धुतले की नाही, पाणी कोपरापर्यंत पोहोचले की नाही, पुन्हा पहिल्यापासून. नमाजची वेळ टळते, कातडी सोलून निघते. घरातले म्हणतात वसवसा आहे, सैतान मनात घालतो. मराठीत याला मंत्रचळ म्हणतात. 934 मध्ये वारलेल्या अबू झैद अल्-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावरच्या आपल्या ग्रंथात वसवशाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे आणि त्याला नैराश्याहून वेगळे काढले आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्या एका विद्वानाने ज्याला आजार म्हटले, त्यासाठी आम्ही एकविसाव्या शतकात तावीज बांधत होतो. या आजारावर औषधे आहेत, बोलून करायचा उपचार आहे, आणि त्यांनी भागले नाही तर चुंबकीय उपचाराला 2018 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. मुलाला औषध सुरू केले आहे, फरक आहे. चुंबकाची गरज पडली तर मोठे शहर गाठावे लागेल. बुलडाण्याला 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले, तिथे अशी सोय व्हावी म्हणून मागणी आपणच केली पाहिजे. यात्रेच्या जादा गाड्यांची मागणी करतो तशी.

मुलाची बोलणी चालली होती तेव्हा खाला तांदूळ निवडत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, पाठ वाकलेली. त्यांनी विचारले, "अब पहले सुलाते क्या?" आम्ही म्हटले, हो, झोपवतात. थोड्या वेळाने पुन्हा विचारले, "और पूछते भी?" आम्ही त्यांना त्या कागदाविषयी सांगितले. त्यांना मराठी बोलता येते, वाचता येत नाही, उर्दू वाचता येते. म्हणून आम्ही तो मजकूर उर्दूत उतरवून दिला. औषध देण्याला त्यांनी हरकत घेतली नाही. शॉकच्या ओळीपाशी बराच वेळ थांबल्या, मग म्हणाल्या, झोपवून देणार असतील तर देऊ द्या, पण आधी मला सांगा. बांधण्याविषयी कायद्यात आधीच मनाई आहे, वेगळे लिहायची गरज नाही, असे आम्ही म्हटले. तरीही त्यांनी ती ओळ लिहून घेतली आणि खाली सही केली.